मुंडी कुठं होती

गोपिका : मूठ म्हणजे मूठ. दहादा विचाराल तरी मूठच. पकडताना रविंद्रची मुंडी आत होती; आत तर मूठ, बाहेर तर पंजा, नियम तुमचाच.

देवराव : मी तं पंजा दाखवला.

गोपिका : दिसला ना. कबड्डीच्या मैदानाच्या पलीकडून तुमचा एकट्याचा पंजा वर. लोक म्हणत असतील, देवराव मास्तर अजून प्रचार करून राहिले.

देवराव : निवडणूक होऊन गेली वं.

गोपिका : म्हणूनच हसून राहिले ते.

देवराव : हसू दे. तू माहा हात पाहून मंग मूठ केली काय?

गोपिका : बाबा, तुम्ही ‘हां’ म्हणता, मी हात वर करते, आणि मग तुमच्याकडे पाहते. तुम्हीच शिकवलं. कॉलेजात होते तेव्हापासून हेच करते आहे. आता शाळेत मुली मला बाई म्हणतात, तरी संध्याकाळी इथे येऊन तुमच्यासमोर मूठ आवळून बसते.

देवराव : दोघायचं जुळलं नाई, मंग ते पकड मेली. सोडून दे.

गोपिका : मेली कशी? मी इकडच्या खुर्चीवर होते, मला सरळ दिसलं. विश्वनाथ चढाई करून मागे वळला, रविंद्रनं सूर मारून त्याची मांडी धरली आणि मुंडी दोन पायांच्या मध्ये. म्हैस डबक्यात तोंड घालते तशी.

देवराव : मले मधात विश्वनाथची टांग आली. मले रविंद्रचा कान बाहेर दिसला.

गोपिका : म्हणजे तुम्हाला नीट दिसलंच नाही.

देवराव : नसन दिसलं. म्हून आता पंजा मिटू काय? आज पोरीसाठी मिटला तं उद्या सेक्रेटरीसाठी उघडा लागन. एका माणसानं पाह्यलं तं ते त्याचं मत झालं. दोघायनं, दोन बाजूनं, एकमेकायच्या हाताकडं न पाहता सारखंच पाह्यलं, तं मंग धरायचं.

गोपिका : पाठ आहे मला.

देवराव : सकाळी पुन्हा विचारीन.

गोपिका : तेही पाठ आहे. दात घासता घासता विचारता, “कालची विश्वनाथवरची पकड, कुठं होती मुंडी?” आई म्हणते, दुसऱ्यांचे बाप पोरीला सकाळी चहा झाला का विचारतात.

देवराव : आज एक म्हटलं अन् सकाळी दुसरं म्हटलं, तं दोन्ही फेकून द्या लागते. मी माहंबी तसंच तपासतो.

गोपिका : रविंद्र तर शपथ घेऊन राहिला होता. आईची, रंभाबाईची शपथ, बाहेरच होती म्हणे.

देवराव : थो खोटं नाई बोलत. पकडणाऱ्याले समजतच नाई आपली मुंडी कुठं होती. डोळे मिटले राहते, तोंडात माती राहते, आंगावर माणूस राहते. म्हून तं बाहेरून पाहणारे पाहिजे. पकडणाऱ्याले कधी विचारायचंच नाई.

गोपिका : तुम्हाला समजायचं?

देवराव : मले? माही मान पाह्य. वळते काय डावीकडं? मागून रिक्षा आली तं साऱ्या आंगानं वळतो, बैलासारखा. मी खेळत होतो तईं चिटणीस पार्कवर पोट्टे ओरडत, “देव्या, घाल मुंडी!” अन् मी घातलीच समज. कोणी सांगतलंच नाई का बाप्पा, बाहेर ठेव.

गोपिका : अजूनही झोपेत उशी धरता तर मुंडी उशीच्या खाली. आई सांगते.

देवराव : तुही आई काय काय सांगते. पण खरं हाय ते. डोक्याले मालूम हाय, आंगाले मालूम नाई. आंग एकदा शिकलं का मरेपर्यंत विसरत नाई. म्हून तं रविंद्रले आताच थांबवून राहिलो. पोट्टा हाय अजून, शिकन.

गोपिका : त्याला पटत नाही. म्हणतो, इतक्या पकडी केल्या, कधी मान लचकलीसुद्धा नाही.

देवराव : नाई लचकत. मुंडी आत घातली तरी बहुतेक वेळा काहीच होत नाई. आपणच पाह्यलं ना.

गोपिका : तेच तर वाईट आहे. दर वेळी लागलं असतं तर कुणी घातलीच नसती.

देवराव : पण ज्यायले लागलं, कोणाचा खांदा, कोणाचे दात, सेक्रेटरीच्या गोदामातल्या त्या कवडूची मान, त्यायच्यात मुठीवालेच बहुत निंगाले. ज्यायले नाई लागलं त्यायलेबी मोजलं म्हून मी हे बोलू शकतो. नाई तं मीबी पानठेल्यावरच्या लोकायसारखाच झालो असतो. … ते पाह्य, सेक्रेटरी येऊन राहिले. तू बोलू नको.

गोपिका : मी कशाला बोलते.

मनोहरराव : नमस्कार मास्तर! बाप-लेकीचं कोर्ट अजून चालूच? पोट्टे तं आंघोळी करून घरी गेले असतीन.

देवराव : या मनोहरराव. बसा.

मनोहरराव : बसत नाई. सीधी बात करतो. ऐतवारी फायनल हाय. काटोलवाले दोन ट्रक भरून पब्लिक आणून राहिले. अन् आपला रविंद्र बाकावर! पब्लिक कायले येते मास्तर? त्याचा सूर पाहाले येते.

देवराव : आजची मेली तरी त्याच्या तीन मुठी आधीच झाल्या, अन् तीन झाल्या का बाकावर. मंडळानं ठरवलं होतं. तुमी सेक्रेटरी, तुमीच हात वर केला होता.

मनोहरराव : केला होता, तुमचा मान ठेवाले केला होता. मले काय मालूम तुमी आपल्याच हुकमी पोट्ट्यावर चालवसान! अन् मास्तर, कबड्डीत पकड म्हणजे पकड. रेडर खाली आला ना? खतम.

देवराव : कोणावर खाली आला ते पाहा लागते. मुंडी मांडीच्या बाहेर ठेवली, कान कुल्ल्याले चिकटवला, तं रेडर पडला तरी बाजूले पडते. मुंडी दोन टांगायच्या आत गेली, तं दुसरा गुडघा सीधा मानेवर, अन् त्याच्यावरून सारा माणूस. वाडीच्या तुमच्याच गोदामात पोती उचलते थो. मान गेली तं कोणाच्या डोक्यावर देसान पोतं? रंभाबाईच्या?

मनोहरराव : अशुभ काहून बोलता! त्याले कोणी सोडलं हाय काय? मी हाय ना.

गोपिका : कवडूलाही तुम्ही होतात. मान गेल्यावर कुणी विचारलं त्याला?

देवराव : गोपे.

मनोहरराव : बोलू द्या, बोलू द्या. शिकलेली पोरगी हाय. मास्तर, पोट्टे काय म्हणते, सांगू? म्हणते, मुंडी बाहेर ठेवून पकड होतच नाई. रेडर सटकते. मास्तर खुर्चीवर बसून सांगते, खुर्चीवरून सारंच होते.

देवराव : होते. जोर कमी लागते उलटा.

मनोहरराव : कोणी केली? तुमी केली कधी? मी पोट्टा होतो तईपासून तुमाले पाह्यलं. क्या पकड थी! आजबी आंगावर काटा येते. पण ते तं आतली होती, मास्तर. बाहेरची तुमची कोणी पाह्यलीच नाई.

देवराव : तईं मलेच मालूम नव्हतं.

मनोहरराव : आता मालूम हाय ना? मंग उद्या दाखवा. एकदा. पोट्ट्यायसमोर. दाखवली तं रविंद्र बाकावर, मी एक शब्द बोलणार नाई. जबान देतो.

गोपिका : बाबांची पंचावन्नी उलटून गेली.

मनोहरराव : म्हून तं म्हणतो, बेटा. पंचावन्नीच्या माणसाले जमते म्हटल्यावर पोट्टे कोण्या तोंडानं नाई म्हणतीन?

देवराव : बरोबर बोलून राहिले ते.

गोपिका : बाबा!

देवराव : हळू दाखवीन वं. विश्वनाथले म्हणीन, चालत ये. चालत येणाऱ्याची मांडी धराले काय लागते?

मनोहरराव : वा! अन् तुमचाच नियम, मास्तर. पाहणारे दोघं पाहिजे. गोपिकाताई तिकडच्या खुर्चीवर, मी तुमच्या खुर्चीवर. मूठ का पंजा, मीच दाखवीन. चालते?

देवराव : चालते. पण तिच्या हाताकडं पाहायचं नाई.

मनोहरराव : कसम से. बरं, निंगतो. उद्या येतो, नारळ घेऊनच येतो.

गोपिका : … नारळ कशाला?

देवराव : हौशी माणूस हाय.

गोपिका : तुम्हाला चढवलं त्यांनी. आणि तुम्ही चढलात.

देवराव : एक पकड दाखवल्यानं रविंद्रची मान वाचत असन तं चढलो. तू उद्या ध्यान देऊन पाहशीन. बाप हाय म्हून पंजा नको दाखवू.

गोपिका : आत गेली तर मूठ दाखवीन.

देवराव : दाखवशीन?

गोपिका : दाखवीन. साऱ्या मंडळासमोर दाखवीन. मग बसा हात चोळत.

देवराव : शाबास. चाल, तुह्या आईनं तुरीच्या शेंगा सांगतल्या हाय. ओल्या पाह्यजो, मागच्या वेळी तू लाकडं आणली होती.

गोपिका : लाकडं तुम्ही आणली होती.

देवराव : असं? मंग त्याचीबी साक्ष सकाळीच काढू.

(देवरावांची तेरवी होऊन गेली आहे. त्यांचं घर, दुपार. मनोहरराव आले आहेत. देवरावांची बायको बायजाबाई आणि गोपिका समोर बसल्या आहेत.)

मनोहरराव : शोकसभा अशी झाली वहिनी, का नागपुरात कोण्या मास्तरची झाली नसन. पाय ठेवाले जागा नाई. काटोलवाले आले, मौद्याहून आले. विश्वनाथ तं खांबाले धरून रडला. तुमी दोघीबी यायले पाह्यजे होतं.

बायजाबाई : कसं येईन बाप्पा. पाय उठत नाई.

मनोहरराव : मी माइकवर सांगतलं, देवराव मास्तर म्हणजे नियमाचा माणूस. शेवटची पकडबी नियमानं धरली. मुंडी बाहेर. एकदम बाहेर. त्याच्यावर नशिबानं घाला घातला, त्याले कोण काय करन. टाळ्या नाई वाजवत सभेत, पण लोकायनं वाजवल्या.

गोपिका : मुंडी बाहेर होती, असं म्हणालात?

मनोहरराव : म्हणजे काय! मास्तरच्या नावाले मी डाग लागू देईन काय?

बायजाबाई : बरं केलं तुमी.

मनोहरराव : आता कामाची गोष्ट. फायनल पुढं ढकलली होती, ते आता या ऐतवारी. मंडळानं ठरवलं, मास्तरच्या नावानं ढाल द्यायची. चांदीचा पत्रा, मधात त्यायचं नाव. सामन्यातल्या सगळ्यात भारी पकडीसाठी. अन् ते ढाल गोपिकाताईच्या हातून.

गोपिका : रविंद्र खेळणार आहे?

मनोहरराव : खेळन तं! पहिली ढाल त्यालेच भेटन, लिहून ठेव.

गोपिका : त्याच्या तीन मुठी झाल्या होत्या.

मनोहरराव : आता कायच्या मुठी न् कायचे पंजे, बेटा. थे मास्तरसंगं गेलं.

गोपिका : असं कुणी ठरवलं?

मनोहरराव : ठरवलं कोणीच नाई. पोट्टेच म्हणून राहिले. मास्तरनं मुंडी बाहेर ठेवली तरी मान गेली. मंग आत का बाहेर, फरक काय राहिला? माह्याजवळ जबाब नाई. तुह्याजवळ हाय?

गोपिका : आहे.

बायजाबाई : गोपे, चहा पाह्य. उतू जाईन.

गोपिका : उतरवून ठेवला मी. मनोहरकाका, तुम्ही बाबांच्या खुर्चीवर बसला होतात. त्यांनी तुम्हाला बसवलं होतं. तुम्हाला काय दिसलं?

मनोहरराव : सांगतलं ना सभेत.

गोपिका : सभेत काय बोललात ते नाही विचारलं. खुर्चीवरून काय दिसलं?

मनोहरराव : धूळ होती. गडबड होती. एका सेकंदाची गोष्ट.

गोपिका : धूळ नव्हती. दुपारी पाणी मारलं होतं मैदानावर. तुम्हीच मारायला लावलं, मास्तरांना लागू नये म्हणून.

मनोहरराव : तू इतकं ध्यानात ठेवून राहिली?

गोपिका : मला दुसरं येतं काय? मला तेच शिकवलं. आणि विश्वनाथ चालत येणार होता. तो चालत का आला नाही?

मनोहरराव : जवान पोट्टा हाय, जोश येते. पोट्टे ओरडून राहिले होते.

गोपिका : काय ओरडत होते?

मनोहरराव : ओरडते तसंच. काहीबाही.

गोपिका : “देव्या, घाल मुंडी.” मी ऐकलं. आधी एकानं म्हटलं, मग साऱ्यांनी. मैदानावरची पोरं बाबांना मास्तर म्हणतात. देव्या म्हणायचे हे त्या पोरांना कुठून माहीत? त्यांच्यातला एकही तेव्हा जन्मला नव्हता. तिथे चिटणीस पार्कवरचं ते ओरडणं ऐकलेलं एकच माणूस बसलं होतं.

बायजाबाई : मनोहरराव?

मनोहरराव : प्रेमानं म्हटलं, वहिनी. देवाशप्पथ प्रेमानं. मास्तर लंगोट कसून उभे राहिले, अन् माह्या डोळ्यापुढं तो जुना देवराव आला. आपोआप तोंडातून निंगालं. तुमी तं पाह्यलं नसन त्यायले तईं. वाघ होता वाघ.

गोपिका : त्यांनाही तोच आठवला असेल. ओरडणं कानावर पडलं आणि त्यांच्या अंगानं तेच ऐकलं. विचारायला वेळच मिळाला नाही त्यांना.

मनोहरराव : तू मले खुनी ठरवून राहिली काय?

गोपिका : नाही. तुम्ही ओरडलात म्हणून मी भांडत नाही. ओरडतात लोक. उतरायला बाबा स्वतः उतरले. मी एवढंच म्हणते, मुंडी कुठे होती ते सांगा.

मनोहरराव : अन् सांगून काय होणार? माणूस परत येते? उलटं लोकं हसतीन. जिंदगीभर दुसऱ्याले शिकवलं अन् आपल्यावर आली तं आतच घातली! असं म्हणाले पाह्यजे तुले? पोटची पोरगी हाय का कोण हाय?

बायजाबाई : खरं बोलून राहिले ते, गोपे. गेल्या माणसाची चूक काढून काय मिळते? थ्यायचं नाव राहू दे. माह्याजवळ दुसरं राहिलं काय?

गोपिका : आई, नाव राहिलं, पण कशाचं? ऐतवारी रविंद्र मुंडी आत घालेल, लोक ओरडतील, मी त्याच्या हातात ढाल देईन आणि ढालीवर बाबांचं नाव असेल. ज्या पकडीला बाबा आयुष्यभर मूठ दाखवत आले, तिला त्यांच्याच नावाचं बक्षीस. यापेक्षा त्यांना शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

मनोहरराव : हे पाह्य, मी मास्तरची इज्जतच केली.

गोपिका : केलीत. इतकी केलीत की त्यांचं म्हणणं खोटं पडलं. ते म्हणत होते आत गेली तर मान जाते. आत गेली आणि मान गेली. ते बरोबर होते, मनोहरकाका. ते चुकले म्हणून बरोबर होते. आणि तुम्ही सांगता, ते चुकलेच नाहीत.

मनोहरराव : तू शिकलेली हाय, तुह्यासंगं बोलण्यात मी नाई जितणार. पण एक सांग. तू तं समोरच होती. तू मूठ दाखवली काय त्या वक्ताले? मी पाह्यलं. तुहे दोन्ही हात मांडीवर होते.

गोपिका : हो.

मनोहरराव : मंग?

गोपिका : कुणी ‘हां’ म्हटलंच नाही. ‘हां’ बाबा म्हणायचे.

बायजाबाई : पुरे करा दोघं. पुरे करा.

मनोहरराव : दवाखान्यातबी तीन दिवस होती ना तू? तेथीबी तं बोलली नाई. आता माह्यावर जोर काढून राहिली.

गोपिका : बाबांनी विचारलं होतं तिथे.

बायजाबाई : गोपे.

गोपिका : पहिल्याच सकाळी. मानेला दोन्हीकडून वाळूच्या थैल्या लावल्या होत्या, छताकडे पाहत होते. मला वाटलं पाणी मागतील. म्हणाले, “गोपे, कालची पकड. कुठं होती?” रोज विचारायचे तसंच.

मनोहरराव : तू काय सांगतलं?

गोपिका : मी म्हटलं, डॉक्टरांनी बोलायला मना केलं आहे.

बायजाबाई : मलेबी विचारलं त्यायनं.

गोपिका : तुला? कधी?

बायजाबाई : तू औषध आणाले गेली होती. म्हणे, पोरगी सांगत नाई, तूच सांग. मी म्हटलं, बाहेर होती. लोकं सांगून राहिले, बाहेरच होती म्हणे.

गोपिका : तू मैदानात नव्हतीस.

बायजाबाई : नव्हतीच. त्यायलेबी मालूम होतं मी नव्हती. तोंड तं फिरवता येत नव्हतं त्यायले. डोळे मिटून घेतले. माह्यासंगं ते त्याच्यानंतर बोललेच नाई. शेवटचा शब्द मी खोटा बोलली, अन् थेबी त्यायच्या खेळातला.

मनोहरराव : वहिनी, तुमी धीर देल्ला त्यायले. बायकोनं दुसरं काय करावं?

बायजाबाई : धीर नव्हता पाहिजे त्यायले. पाहणारे दोघं पाहिजे होते. शेंगाची टोपली पाह्यली तुमी, मनोहरराव? आदल्या सांजेले त्यायनं आणली, तशीच हाय कोपऱ्यात. वाळून वाजून राहिली. मले फेकवत नाई अन् सोलवत नाई. तसंच हे. हे किती दिवस ठेवू मी घरात?

मनोहरराव : मी निंगतो आता. ऐतवारी या, नका येऊ, तुमची मर्जी.

बायजाबाई : बसा.

मनोहरराव : नाई, गोदामावर गाडी येणार हाय.

बायजाबाई : येऊ द्या गाडीले. थ्यायनं तुमाले आपल्या खुर्चीवर बसवलं होतं. त्या खुर्चीवर मले कधी नाई बसवलं, सख्ख्या भावाले नाई बसवलं. तुमची मूठ का पंजा, थे देणं बाकी हाय. गोपे, तू भिंतीकडं तोंड कर. मनोहरराव, तुमी दाराकडं. एकमेकायले पाहायचं नाई.

मनोहरराव : वहिनी, हा काय पोट्ट्यायचा खेळ लावला!

बायजाबाई : खेळच हाय. त्याच्यातच माणूस गेला माहा. मले खेळातलं काहीच समजत नाई, मी नुसते हात पाहीन. झालं?

गोपिका : झालं.

बायजाबाई : मनोहरराव?

मनोहरराव : … हो.

बायजाबाई : हां.

मनोहरराव : …

बायजाबाई : गोपीची मूठ हाय. … अन् तुमचीबी मूठ हाय, मनोहरराव.

मनोहरराव : माहा हात … हात तसाच होता, वहिनी. थंडीनं बोटं आखडते.

बायजाबाई : आखडत असन.

मनोहरराव : मैदानात मी हे म्हणणार नाई. साफ सांगून ठेवतो. सभेत एक बोललो, आता दुसरं बोलू? मंडळात मले कोण उभं करन?

गोपिका : तुम्ही नका बोलू. ऐतवारी ढाल द्यायला मला माइकजवळ बोलावणार आहात ना? मी येईन. आधी रविंद्रला आणि रंभाबाईला सांगीन, मग साऱ्यांना.

मनोहरराव : तुह्या एकटीच्या बोलण्यानं काय होते? तुह्याच बापाचा नियम हाय, एकाचं पाहणं मोजत नाई.

बायजाबाई : एकटी नाई. दोन हात मी पाह्यले. मीबी येईन तिच्यासंगं.

मनोहरराव : पोट्टे ऐकणार नाई, सांगतो. मी रविंद्रले बसवणार नाई बाकावर. अन् रविंद्र माह्याकडंच कामाले हाय.

गोपिका : माहीत आहे. कदाचित नाही ऐकणार. कदाचित त्याला काही होणारही नाही, बहुतेक वेळा होत नाही. पण उद्या कुणी असं म्हणायला नको की माहीत नव्हतं.

मनोहरराव : येतो, वहिनी.

बायजाबाई : या. दार लावून घ्या, वारं येते. … गोपे, कुठं चालली?

गोपिका : रविंद्रकडे. आता घरी असेल.

बायजाबाई : थांब. त्याले मंग सांगशीन. ज्यायनं पहिले विचारलं, त्यायले आंधी सांग.

गोपिका : आई, आता कुणाला …

बायजाबाई : सांग वं. मी ऐकते.

गोपिका : … आत होती, बाबा.